सेंट थॉमसची सहल: कायाक, कॅस-की बेट आणि खारफुटीतलं स्नॉर्कलिंग

प्रेषक: नीलिमा

नमस्कार मंडळी,
सेंट थॉमस या अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांपैकी एका बेटावर मॅन्ग्रोव्ह लगून हे खारफुटीचं खाजण आहे, तिथल्या कायाक (वल्ह्याची अरुंद नाव) सहलीला आमची चार नावं दिली आहेत. त्यातल्या दोघांना पोहता येत नाही. त्यांनी यावं का? दोन जण बसायच्या कायाकमध्ये पुढे कोण, मागे कोण? आणि चष्मेवाल्यांनी स्नॉर्कलिंगचं (मास्क आणि श्वासनळी लावून पाण्याखाली बघण्याचं) काय करायचं?

प्रेषक: सुजाता

नीलिमा,
दोघांनी खुशाल यावं. फक्त पोहता येत नाही हे गाइडला किनाऱ्यावर असतानाच सांगायचं, म्हणजे तो त्यांची कायाक आपल्याजवळ ठेवतो. खाजण उथळ आहे आणि तिथे भरती-ओहोटीत जेमतेम फूटभर फरक पडतो. दमवतो तो वारा. पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे दिवस चढेल तसे जोर धरतात, आणि डिसेंबर-जानेवारीत तर फारच. म्हणून सकाळची पहिली फेरी घ्या.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले की कुणाला तरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. कानांपर्यंत सरकलं तर ते सैल आहे, पाण्यात तोंडावर येईल.

वजनदार माणूस मागे बसवा, दिशा त्याच्या हातात असते. पुढच्याने लय धरायची आणि मागच्याने तिच्याशी जुळवून घ्यायचं, नाहीतर वल्ही एकमेकांवर आपटत राहतात. पात्याची खोलगट बाजू स्वतःकडे, हात खांद्यांपेक्षा जरा रुंद, गुडघे किंचित वाकलेले. जोर कमरेतून लावा. नुसत्या दंडांनी वल्हवलं तर परतीच्या वाटेवर, नेमका वारा अंगावर असताना, हात उचलवत नाहीत.

चिंचोळ्या वाटेत कायाक मुळांकडे सरकली की हात आपोआप मुळं ढकलायला पुढे जातो. तो आवरा. लाल खारफुटीच्या मुळांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा बोटं चिरतात. दोघांनी थांबून दोन-चार हात उलटं वल्हवलं की नाव मोकळी होते.

उलटलीच तर घाबरायचं कारण नाही. या कायाकमध्ये वर बसायचं असतं, पाणी भोकांतून निघून जातं. आधी वल्हं धरा. मग पालथ्या नावेवरून हात टाकून पलीकडची कड पकडा आणि मागे झुका, नाव सुलटी होते. सीटपाशी पोट टेकवत, पाय मारत वर या आणि मग वळून बसा. तोवर दुसऱ्याने समोरच्या बाजूने नाव धरून ठेवायची.

प्रेषक: अरविंद

सुजाताताईंनी कायाकचं सगळं सांगितलंच आहे, मी पाण्याखालचं सांगतो.

चष्म्यावर मास्क बसत नाही, काड्यांमधून पाणी शिरतं. नंबरचे मास्क मिळतात, ते आधीच मागवा. मास्क तपासताना पट्टा मागे न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. आत केस अडकला तरी पाणी झिरपतं, मिशीवाल्यांना हा त्रास हमखास होतो. काच धुरकट होऊ नये म्हणून लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून चोळून हलकेच विसळा.

खारफुटीत तळाला पाय लावायचा नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. तळाशी पिठासारखा बारीक गाळ असतो, एक पाय टेकला की तो उसळतो आणि मागून येणाऱ्या सगळ्यांना काहीच दिसत नाही. जॅकेट घालूनच आडवं तरंगा आणि पायातले रबरी पंख अगदी हळू हलवा. मुळांच्या कडेला एका जागी पाच मिनिटं निश्चल राहा. आधी नुसती तपकिरी काठी दिसते. मग तिच्यावरचा केशरी स्पंज, त्याच्या शेजारचे शिंपले, आणि सावलीत एकाच दिशेला तोंड करून उभी असलेली बोटभर लांबीची स्नॅपर माशाची पिल्लं दिसू लागतात. प्रवाळावरचे कितीतरी मासे लहानपणी इथेच वाढतात, कारण मोठ्या शिकाऱ्याला या जाळीत शिरता येत नाही.

तळाशी उताणी पडलेली जेलीफिश दिसेल, कॅसिओपिया. ती पाण्यात चिकट स्राव सोडते, म्हणून तिला हात न लावताही अंग चुणचुणतं. बाजूला व्हा आणि समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा शर्ट) घातला तर हा त्रास टळतो आणि सनस्क्रीनही कमी लागतं. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर तिथे मार्च 2020पासून बंदी आहे. डबीवर 'रीफ सेफ' (प्रवाळाला निर्धोक) लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका, मागचे घटक वाचा. झिंक ऑक्साइडचं चालतं.

सहलीत कॅस-की बेटावर पायी फिरायचं असतं, ती चाल छोटी आहे, पण वाटेत प्रवाळाचे तुकडे आणि धारदार खडक आहेत. चपला नकोत, बंद टाचेचे पाण्यातले बूट हवेत. किनाऱ्याच्या झाडांत मँचिनील असू शकतं. त्याची फळं छोट्या हिरव्या सफरचंदांसारखी दिसतात आणि विषारी असतात, चिकाने कातडीवर फोड येतात. पावसाची सर आली तर अशा झाडाखाली आडोसा घेऊ नका, पानांवरून गळणारं पाणीही भाजतं. मुलांना हे आधीच बजावा.

प्रेषक: नीलिमा

अरविंददादा, सुजाताताई, खूप आभार. शेजारच्या सेंट जॉन बेटावरच्या हरिकेन होल या खाडीत कायाक न्यावी का, असंही घरात चाललंय.

प्रेषक: सुजाता

एक दिवस जास्त असेल तर जरूर. सेंट थॉमसच्या रेड हुकहून सेंट जॉनच्या क्रूझ बेला फेरीबोटीने साधारण वीस मिनिटं लागतात, पुढे रस्त्याने पूर्व टोकाकडे जायचं. तिथे खारफुटीच्या मुळांवर आणि मुळांमध्ये चक्क प्रवाळ वाढतात, 30च्या आसपास जाती नोंदल्या आहेत. झाडांच्या सावलीमुळे त्यांना कडक उन्हाचा ताण कमी बसतो. 2017च्या इर्मा वादळात तिथल्या खारफुटीची मोठी हानी झाली, तेव्हा मुळांपासून आणखी लांब राहा. पण पहिल्यांदाच वल्हं धरणाऱ्यांनी आधी मॅन्ग्रोव्ह लगूनच करावं.

आणि कागदपत्रं! बेटं अमेरिकेचीच असली तरी मुख्य भूमीकडे परतताना विमानतळावर कस्टम्स-इमिग्रेशनची तपासणी होते. एच-१बी, एच-४ व्हिसावाल्यांनी पासपोर्ट आणि आय-७९७ (व्हिसाच्या मंजुरीचं पत्र), ग्रीन कार्डवाल्यांनी मूळ कार्ड सोबत आणावं. सहलीच्या दिवशी मात्र हे सगळं हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, कायाकच्या पिशवीत नको.