ड्रमर म्हणजे गरीब बिचारा?

बरेच जण म्हणतात की बँडमध्ये गाणी लिहिणारेच रॉयल्टी खातात, ड्रमर बिचारा कोरडाच राहतो. बऱ्याच अंशी खरंय, पण पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर निक मेसन याला त्यात धरू नका. बँडच्या प्रत्येक अल्बमवर असलेला तो एकटाच गडी, आणि १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' अल्बमची सुरुवात, म्हणजे ते हृदयाचे ठोके, घड्याळाची टिकटिक, गल्ल्याचा खणखणाट, तो 'स्पीक टू मी' ट्रॅक रचणारा म्हणून एकट्या त्याच्या नावावर आहे.

आणि त्याच्या गाड्यांचं तर विचारूच नका! १९७७ मध्ये पठ्ठ्याने ३५ हजार पौंडांच्या आसपास फेरारी २५० जीटीओ घेतली, तेव्हा लोकांना ती जुनी रेसची गाडीच वाटायची, २०१८ मध्ये तसलीच दुसरी एक लिलावात ४.८ कोटी डॉलरला गेली. पण खरी गंमत १९८७ ची. बँडचा बेसिस्ट आणि मुख्य गीतकार रॉजर वॉटर्स बाहेर पडलेला, टूरला पैसा उभा करायचा होता, तर गिटारिस्ट डेव्हिड गिल्मूर आणि मेसनने स्वतःच्या खिशातून घातले आणि त्यासाठी मेसनने आपली हीच फेरारी तारण ठेवली, आपल्याकडे नाटकवाले बायकोचे दागिने गहाण टाकायचे तसं. टूर तुफान चालली, गाडी अजून त्याच्याकडेच आहे. शोकेसमध्ये ठेवणाऱ्यातला नाही हां तो, फ्रान्समधल्या ल मॉंच्या २४ तासांच्या कार रेसमध्ये पाच वेळा उतरलाय.