मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी घरटी वर्गणी: न देणाऱ्यांची नावे वाचून दाखवावीत का?

माणदेशी (प्रश्न)
आमच्या गावातील मारुती मंदिराचा जीर्णोद्धार सुरू आहे आणि त्या समितीत मीही आहे. समितीने घरटी 5,000 रुपये आणि नोकरदाराच्या घरामागे 11,000 रुपये वर्गणी ठरवली. कळस बसवण्याची तिथी जवळ आल्यामुळे, ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांची नावे सप्ताहात काकड्यानंतर लाऊडस्पीकरवरून वाचावीत असे बहुमताने ठरले असून वाचण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्या यादीत एकट्या राहणाऱ्या एक वयस्कर मावशी आहेत. शेळी विकेपर्यंत नाव वाचू नका, एवढेच सांगायला त्या माझ्या आईकडे आल्या होत्या. मंदिर पूर्ण व्हावे असे मला मनापासून वाटते. पण हे मागणे आहे की वसुली, हे मला कळेनासे झाले आहे. याबाबत कायदा काय सांगतो आणि इतरत्र कशी पद्धत असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिशेबनीस
मी एका देवस्थानाचे हिशेब अनेक वर्षे लिहीत आलो आहे, म्हणून आधी कागदांविषयी सांगतो. आपली समिती नोंदणीकृत न्यासाचा भाग आहे, की केवळ या कामापुरती जमलेली मंडळी आहे, हे प्रथम पाहावे. न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा मिळतो आणि त्यात विश्वस्तांची नावे असतात. पावती त्या न्यासाच्याच नावाची हवी आणि रक्कम न्यासाच्याच बँक खात्यात जमा व्हायला हवी. न्यास नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मधील कलम 41क लागू होते. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी दरवर्षी जी तात्पुरती परवानगी काढतात, ती याच कलमाखाली, आणि काम झाल्यावर जमाखर्चही द्यावा लागतो.

आता मूळ प्रश्न. समितीने आकडा ठरवला म्हणून ते कायदेशीर देणे होत नाही. वर्गणी ही ऐच्छिकच असते. न देणाऱ्याला देवळात येऊ न देणे, त्याच्या घरच्या कार्यावर बहिष्कार घालणे, अशी पाळी आली, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा लागू होऊ शकतो आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नुसते नाव वाचणे म्हणजे बहिष्कार नव्हे, हे खरे. परंतु गावात एकदा यादी वाचली गेली की पुढचे पाऊल कोण आणि केव्हा टाकील, ते समितीच्या हातात राहत नाही. आपण ती यादी वाचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याचा श्रावक
आमच्या श्वेतांबर मूर्तिपूजक जैन संघात पैशाचा विषय उघडपणे, सर्वांसमक्षच होतो. पर्युषणात, महावीरांच्या मातेला पडलेल्या चौदा स्वप्नांच्या प्रतिमा उतरवण्याचा मान कोणाला मिळावा यासाठी बोली लागते आणि अनेक ठिकाणी ती अजूनही तुपाच्या मणांत बोलतात. एका मणाचे किती रुपये, ते संघाने ठरवलेले असते. प्रभूच्या निमित्ताने आलेली अशी रक्कम देवद्रव्य मानली जाते. ती मूर्ती आणि मंदिर यांखेरीज कशालाही, अगदी साधर्मिकांच्या, म्हणजे आपल्याच धर्मबांधवांच्या, भोजनालाही, वापरत नाहीत. या पद्धतीत श्रीमंतांचेच नाव पुढे येते, ही उणीव मला लहानपणापासून जाणवत आली आहे. तरीही ज्याने बोली लावली नाही, त्याचे नाव कधी कोणी घेत नाही. तुमच्या गावात नेमके याच्या उलट होत आहे.

सप्ताहवाला
मला थोडे वेगळे सांगायचे आहे. पंचवीस एकर बागायत असलेला माणूस 500 रुपये देऊन मोकळा होतो आणि शेतमजूर ठरलेली पूर्ण रक्कम देतो, हे मी आमच्या सप्ताहात वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्यामुळे समितीला दबाव आणावासा का वाटतो, हे मी समजू शकतो. पण सरसकट घरटी आकडा लावल्याने तो दबाव नेमका दुबळ्यांवरच पडतो. आम्ही आकडा काढून टाकला. पंगती वाटून दिल्या, ज्याला पैसे देणे जमत नाही त्याने ज्वारी, डाळ, सरपण किंवा दोन दिवसांचे श्रम द्यावेत असे ठरवले, आणि त्यांचीही नोंद त्याच वहीत, त्याच क्रमाने ठेवली. मोठ्या शेतकऱ्यांकडे मात्र चार वडीलधारी माणसे घरी जाऊन बसतात. लाऊडस्पीकरपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

अहिल्यानगरहून
आमच्या ख्रिस्ती मंडळीत दशमांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची, शिकवण आहे, तरी अर्पण बंद पाकिटात टाकले जाते. कापणीच्या सणाला लोक धान्य, भाजी, कोंबडी असे जे असेल ते आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका आजीने आणलेला भोपळा तीन वेळा विकला गेल्याचे मला आठवते. घेणारा प्रत्येक जण पैसे देऊन तो पुन्हा लिलावात ठेवत होता.

माणदेशी
सर्वांचे आभार. काल मी अध्यक्षांना भेटून यादी वाचणार नसल्याचे सांगितले. ते नाराज झाले, पण एकादशीला पुन्हा बैठक बोलावण्यास तयार झाले आहेत. पावतीपुस्तकावर न्यासाचा नोंदणी क्रमांक नाही, हेही मी काल प्रथमच पाहिले. बैठकीत आधी तोच प्रश्न मांडेन आणि मग धान्य व श्रमदानाच्या वहीचा. आईने मावशींना शेळी विकू नका, असे आजच सांगितले आहे.