मदत हवी आहे: घरी बनवलेल्या क्रॉसकट स्लेडवर काटकोन मिळत नाही

कोलशेतकर
10 इंची टेबल सॉसाठी (टेबलातून पातं वर येणारी करवत) स्लेड बनवलाय, म्हणजे फळी आडवी कापायला टेबलावर सरकणारा पाट. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून फेन्स, म्हणजे फळी टेकवायची आडवी पट्टी, बसवली, तरी ड्रॉवरच्या खोक्यांना शेवटच्या कोपऱ्यात फट राहते. शनिवारी खोकी द्यायचीत. नेमकं काय हलवायचं तेवढं सांगा. ट्रॅक सॉ (रुळावर सरकणारी हातकरवत) घ्या वगैरे कृपया नको.

ऐरोलीचा_मिस्त्री
बेस कशाचा? टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या खालच्या पट्ट्या कशाच्या? एक की दोन? स्लेड खाचेत डावी-उजवीकडे हलतो का? पातं खाचेला समांतर आहे का? फोटो टाका.

घोडबंदर_रोड
ट्रॅक सॉ घ्या. 8 बाय 4चा शीट एकट्याने टेबलवर ढकलण्यापेक्षा बरा. जागाही कमी लागते.

कोलशेतकर
@घोडबंदर_रोड, 😐
बेस 12 मिमी प्लाय, पट्ट्या सागवानाच्या, दोन. पातं कंपनीतूनच बरोबर आलंय.

पटाशी
"कंपनीतून बरोबर" चालत नाही, वाहतुकीत टेबल सरकतं. प्लग काढा. पातं पूर्ण वर घ्या, एका दातावर मार्करने खूण करा. कॉम्बिनेशन गुण्याचा (सरकत्या पट्टीचा गुण्या) ठोकळा खाचेच्या भिंतीला टेकवून पट्टी त्या दाताला जेमतेम लागेल अशी घट्ट करा. मग पातं फिरवून तोच दात मागे न्या आणि गुण्याही मागे सरकवा. तोच दात हवा, दुसरा घेतलात तर पात्याचा वाकच मोजाल. 0.1 मिमीहून जास्त फरक असेल तर टेबलखालचे बोल्ट सैल करून आधी तो काढा. हे चुकलेलं असताना फेन्स कितीही हलवा, कापलेली कड करपेल आणि काटकोन तपासायचे पाच काप घेतलेत तर पाचवा काप दरवेळी वेगळं सांगेल.

ऐरोलीचा_मिस्त्री
त्याही आधी सागवान काढा. आपल्याकडे जुलैत लाकडी पट्टी फुगते, स्लेड अडकतो, मग लोक पॉलिशपेपर मारतात आणि दिवाळीनंतर तीच पट्टी खुळखुळते. ॲल्युमिनियमचा फ्लॅट घ्या, पण पाऊण इंची असंच सांगून मागा. दुकानदार 20 मिमी देतो आणि खाच 19ची असते. कानस मारत बसाल.

पटाशी
सागवानाला दोष नाही, तुकडा चुकीचा निवडतात. टोकाला वलयं उभी दिसतील अशी पट्टी काढली तर रुंदीत फार कमी फुगते. वर मेण चोळा. ॲल्युमिनियम टेबलावर काळं ओढतं आणि ते फळीला लागतं.

खारघर_वुडवर्क्स
दोघांनाही: भाजी कापायचा पांढरा प्लास्टिकचा जाड पाट कापून पट्टी करा, पाणी पीतच नाही. फक्त काउंटरसंक (डोकं आत बुडणारे) स्क्रू घट्ट आवळू नका, डोक्याशी प्लास्टिक बाहेर फुगतं आणि नेमकं तिथेच अडकतं.

वाशीकर_काका
सोसायटीत हे मशीन चालवायला परवानगी लागते का? आमच्या वरच्या मजल्यावर कोणी रविवारी सकाळी सातला सुरू करतं.

घोडबंदर_रोड
काका, त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि धुळीचं काय? 4 इंची पाइप लावल्याशिवाय एमडीएफ कापू नये.

कोलशेतकर
धूळ विचारली नव्हती. पातं तपासलं, बरोबर आहे. स्लेड हलतही नाही. आता?

पटाशी
मग गुण्यावर विसंबू नका. आधी तो गुण्याच तपासा: सरळ कडेला टेकवून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. रेघा फाकल्या तर गुण्याची चूक त्याच्या निम्मी.

फेन्ससाठी पाच कापांची पद्धत, फेन्स काटकोनात आहे का ते त्यात कळतं. साधारण 400 मिमी चौरस प्लाय घ्या. पात्याच्या डावीकडे ठेवून उजवी कड कापा. मग तुकडा घड्याळाच्या दिशेने फिरवा, म्हणजे कापलेली कड फेन्सला येईल. असे चार काप. पाचव्याला पहिलीच कड पुन्हा कापा, पण या वेळी इंचभर रुंद पट्टी निघू द्या, बारीक पट्टी कॅलिपरमध्ये (जाडी मोजायचं साधन) वाकते. पट्टीची दोन्ही टोकं मोजा. फेन्सकडचं टोक कोणतं, ते उचलायच्या आधीच लिहून ठेवा.

कोलशेतकर
फेन्सकडे 24.8 मिमी, दुसरीकडे 23.6. पट्टी 375 मिमी लांब.

पटाशी
फरक 1.2. चार कोपऱ्यांची चूक साठलेली असते म्हणून भागिले 4, 0.3. भागिले 375, 0.0008, म्हणजे दर मिमी लांबीला एवढी चूक. फेन्सच्या उजव्या टोकाचा स्क्रू खिळीसारखा धरून डावं टोक हलवायचं. दोघांतलं अंतर?

कोलशेतकर
550.

पटाशी
0.0008 गुणिले 550, 0.44 मिमी. फेन्सकडचं टोक जाड, म्हणून डावं टोक तुमच्यापासून लांब, पुढे जायला हवं. टोकाच्या पुढे एक ठोकळा धरा, मध्ये 0.45ची फीलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या पातळ पाती) पात घाला आणि ठोकळा क्लॅम्प करा. डावीकडचा स्क्रू काढा, पात काढा, फेन्स ठोकळ्याला भिडवा. नवा स्क्रू नव्या भोकात. जुन्या भोकात घातलात तर तो फेन्सला होती तिथेच ओढेल. मग पाच काप पुन्हा. गोंद अजिबात नको अजून.

खारघर_वुडवर्क्स
खोक्यांची लांबी कशी ठरवता? रिप फेन्सलाच (टेबल सॉची पात्याला समांतर पट्टी) टोक टेकवत असाल तर थांबा, तुकडा पातं आणि फेन्समध्ये अडकून अंगावर येतो. स्टॉप, म्हणजे फळीचं टोक टेकवायचा ठोकळा, स्लेडच्या फेन्सवर क्लॅम्प करा आणि ठोकळ्याची खालची कड थोडी तासा, भुसा तिथे शिरू दे. स्टॉपला भुसा चिकटला तरी समोरासमोरच्या फळ्या लहान-मोठ्या होतात आणि फट दिसते, काटकोन बरोबर असूनही.

ऐरोलीचा_मिस्त्री
हे बरोबर. पण पट्ट्या ॲल्युमिनियमच्याच.

कोलशेतकर
@पटाशी, डावं म्हणजे माझं डावं ना? दोन फेन्स आहेत, कोणती हलवू?

पटाशी
पात्याकडे तोंड करून उभे असता तेव्हाचं तुमचं डावं. फळी जिला टेकते, म्हणजे तुमच्या पोटाकडची फेन्स हलवा. पलीकडची फक्त बेस जोडून धरते, तिला हात लावू नका. तुकडा पात्याच्या उजवीकडे ठेवून कापला असेल तर हे सगळं उलटं.