भुसावळात शब्बाथ नि पेसाह: दिव्याची वेळ, दादरची भाकरी, केळ्याचा बराखा

पनवेल_ते_भुसावळ
नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, पनवेलकडचे. बदलीमुळे आता भुसावळात आहोत. इथे सिनेगॉग (आमचं प्रार्थनास्थळ) नाही, विचारायला जवळ कोणी नाही, म्हणून तीन प्रश्न एकदमच विचारते.
१) शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा, शुक्रवारी संध्याकाळचा दिवा मुंबईच्या कॅलेंडरातल्या वेळेला लावला तर चालेल का?
२) पेसाहाच्या आठ दिवसांच्या सणात पोळी बंद. शेजारच्या काकू म्हणतात, दादरची (इथल्या रब्बी ज्वारीची) किंवा कळण्याची भाकरी खा. ती हामेस, म्हणजे पेसाहात मना असलेलं खमिराचं अन्न, धरायची का?
३) मलिद्याच्या, म्हणजे आमच्या आभाराच्या विधीच्या, ताटात इथली केळी ठेवते. बराखा (खाण्याआधीची आशीर्वादाची प्रार्थना) कोणता म्हणायचा?

तापीकाठ
ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असंच आहे. ही चूक खूप घरांत होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

भुसावळ मुंबईच्या पूर्वेला जवळपास तीन रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे तुमच्याकडे सूर्य सुमारे १२ मिनिटं आधी मावळतो. शिवाय भुसावळ दोन अक्षांश उत्तरेला आहे, त्यामुळे हा फरक वर्षभर सारखा राहत नाही. जूनमध्ये तो सात-आठ मिनिटांवर येतो, डिसेंबरात १६ मिनिटांपर्यंत जातो. दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचा असतो. डिसेंबरात मुंबईची वेळ धरलीत तर हातात जेमतेम दोन मिनिटं उरतात. वात भिजायला किंवा काडी पेटायला उशीर झाला की संपलं, सूर्यास्तानंतर दिवा पेटवता येत नाही.

म्हणून भुसावळचा सूर्यास्त बघा आणि त्यातून १८ वजा करा. स्थानिक पंचांगात किंवा मोबाइलमध्ये तो मिळतो. गावागावांत फरक आहे, धुळ्याला मार्च-सप्टेंबरात मुंबईपेक्षा साधारण आठच मिनिटं आधी सूर्यास्त होतो. शनिवारी संध्याकाळी मात्र मुंबईची वेळ पाळलीत तरी बिघडत नाही, शब्बाथ थोडा लांबतो एवढंच.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक सांभाळा. शब्बाथात कूलर चालू करता येत नाही, म्हणून त्याची टाकी शुक्रवारी दुपारीच काठोकाठ भरा आणि कूलर चालू करून ठेवा. त्या उन्हात शनिवारी दुपारी टाकी कोरडी पडली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.

खळं_आणि_जातं
भाकरीचं मी सांगतो. काकूंचं बरोबर आहे, पण अर्धंच.

हामेस पाचच धान्यांचं होतं: गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ त्यात येत नाहीत. तांदूळ आणि डाळी टाळायची चाल अश्केनाझींची (युरोपातल्या यहुद्यांची), आपल्याकडे पेसाहात भात खातातच. त्यामुळे ज्वारी-उडदाचं कळणंही चालतं. आंबलं म्हणजे हामेस, हा समजही सोडा. तांदळाची इडली आंबते तरी ती हामेस नाही. आपल्या जुन्या माणसांनी मात्र आंबटाचं मडकंसुद्धा झाकून ठेवलं. ‘अनशी ढाकाचा सण’ हे नाव त्यावरूनच आलं, आणि ती काळजी मला फार मोलाची वाटते.

खरी अडचण धान्यात नाही, धान्याच्या वाटेत आहे. दादर ही रब्बीची ज्वारी. ती आणि गहू एकाच सुमारास निघतात, बहुतेक एकाच मळणीयंत्रातून, म्हणून दादरच्या पोत्यात गव्हाचे दाणे हमखास सापडतात. खरीप ज्वारी नि बाजरी गव्हाच्या कितीतरी आधी निघते, तिच्यात हे प्रमाण कमी. तरी कोणतंही घ्या, पांढऱ्या कापडावर पातळ पसरून तीनदा निवडा. दादरचा दाणा गोल आणि मोत्यासारखा, गहू लांबट आणि पोटावर चीर असलेला. उजेडात लगेच ओळखू येतो.

मग गिरणी. सकाळपासून गहूच दळलेला असतो आणि दगडाच्या फटीत तो बसलेला असतो. गिरणीवाल्या दादांना आधी सांगून ठेवा. झाकण काढून ब्रशने झाडून घ्यायचं, मग आपली दोन किलो ज्वारी दळायची आणि ते पीठ गाईला घालायचं. त्यानंतरचं पीठ पेसाहाचं. हे सगळं सणाच्या आधी उरकलं पाहिजे, सणात नाही. घरात फक्त डाळीचं जातं असेल तर गिरणीची भानगडच नको.

आणि एक: भाकरीने सेदरची (पेसाहाच्या पहिल्या रात्रींच्या भोजनविधीची) मत्सा, म्हणजे बिनखमिराची पोळी, होत नाही. जे धान्य हामेस होऊ शकतं त्याचीच मत्सा होते, म्हणून ज्वारी बाद. पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजलेली गव्हाचीच मत्सा हवी. माणशी दर रात्री तीन-चार धरून मुंबईहून आधीच मागवा.

तापीकाठ
वरच्यात भर. डबीतला हिंग बघा. बहुतेक वेळा तो मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो, म्हणजे फोडणीतूनच हामेस. तांदळाच्या पिठातला मिळाला तर घ्या, नाहीतर आठ दिवस लसणावर भागवा.

रावेरची_पील
केळ्याचा बराखा ‘बोरे पेरी हाआदामा’ (जमिनीच्या फळाचा), ‘हाएत्स’ (झाडाच्या फळाचा) नाही. केळ उंच वाढते, पण ती झाड नव्हे. एकदा घड दिला की ते खोड मरतं आणि बुंध्याशी आलेली पील पुढचं पीक देते. रावेर-यावलच्या कोणत्याही बागेत हे डोळ्यांनी दिसतं. लाकडाचं खोड वर्षानुवर्षं टिकलं तरच हाएत्स. ताटातली खजूर नि सफरचंद हाएत्सची, त्यांच्यासाठी वेगळा बराखा म्हणा.

भरताबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. भरताची मोठी वांगी इथे अख्खीच भाजतात. फळअळी लहान असतानाच आत शिरते आणि तिचं भोक भरून येतं, वरून वांगं गुळगुळीत दिसतं. भाजल्यावर गरात अळी ओळखूच येत नाही आणि ती खाणं आपल्याला मना आहे. देठ तसाच ठेवून उभ्या चार चिरा द्या, फाकवून बघा, काळपट बोगदा दिसला तर ते वांगं बाजूला ठेवा.

पनवेल_ते_भुसावळ
खूप आभार सगळ्यांचे. एकच राहिलं. भाकरी कशावर भाजू? घरमालकीणबाईंनी त्यांचं मांड्यांचं खापर देऊ केलंय.

खळं_आणि_जातं
ते घेऊ नका, प्रेमाने नाही म्हणा. त्यावर वर्षभर गव्हाचेच मांडे होतात, आणि मातीच्या भांड्याने शोषलेलं घरच्या आचेवर भाजून किंवा उकळून निघत नाही. तुमचा लोखंडी तवा लालबुंद तापवून शुद्ध होतो, पण घरच्या गॅसवर तो सगळीकडून तेवढा तापवणं अवघड. कुंभाराकडून नवं कोरं खापर आणा. रात्रभर पाण्यात ठेवा, सावलीत वाळवा, पहिल्यांदा अगदी मंद आचेवर तापवा, एकदम जाळावर चढवलंत तर तडकेल. परातही नवीन घ्या, आणि दोन्ही सण झाल्यावर कापडात बांधून माळ्यावर ठेवा, पुढच्या वर्षी तीच कामाला येतील.