आधी ओल तपासा, मग इपॉक्सीचं बघा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या तुमच्या वडिलोपार्जित वर्कशॉपचा कोबा उखडलाय आणि वर सरळ इपॉक्सी (जमिनीवर द्यायचा राळेचा कडक लेप) मारून घ्यावं, असं इथे बहुतेकांनी सुचवलंय. मला ते घाईचं वाटतं. वागळे ही एमआयडीसीची पहिली वसाहत, तिथल्या जुन्या शेडमध्ये कोब्याखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर असेलच याची खात्री नाही. खालून ओल येत असेल तर इपॉक्सीला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात.

तपासणी अगदी सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी उचला. आतून थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला असेल, तर ओल आहे.

लेथच्या (धातू कातायच्या मशीनच्या) आजूबाजूची जागा वेगळी हाताळावी लागेल. तिथे वर्षानुवर्षं कटिंग ऑइल मुरलेलं असतं. वरवर पुसून काही होत नाही, तेलकट थर ग्राइंडरने किंवा टाचे मारून काढायलाच हवा. नाहीतर त्यावर कुठलाच माल धरत नाही. त्यासाठी मशीन हलवलंत, तर परत बसवताना लेव्हल नव्याने काढून घ्या, नाहीतर जॉब, म्हणजे कातलेले भाग, टेपर (एका टोकाला निमुळते) येतील.

शेड रिकामी करता येत असेल, अगदी अर्धी-अर्धी करून का होईना, तर ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतलेलं काँक्रीट) करा. फक्त नव्या काँक्रीटला २८ दिवस द्या, त्याआधी इपॉक्सी नको. आणि हे काम पावसाळ्यात मुळीच काढू नका, ठाण्यातल्या दमट हवेत काहीच नीट सुकत नाही.