प्रतिसाद: 'सायको'तली ती तसबीर
दिग्दर्शक हिचकॉकच्या 'सायको' सिनेमातल्या मोटेलवाल्या नॉर्मनकडचे पेंढा भरलेले पक्षी म्हणजे त्याची आईच, हा वर मांडलेला मुद्दा पटला. (लहानपणी अजबबंगल्यात, म्हणजे आमच्या संग्रहालयात, तसे पक्षी पाहिलेल्या आम्हा नागपूरकरांना ते पंख पसरलेलं घुबड वेगळं समजवावं लागत नाही.) पण भिंतीवरच्या तसबिरी नुसत्या सजावटीच्या, हे वरचं म्हणणं काही मान्य नाही.

शेजारच्या खोलीतल्या बाईला चोरून पाहायला भिंतीतल्या भोकाला डोळा लावण्याआधी नॉर्मन जी तसबीर काढतो, तिच्यात बायबलमधली सुझॅना आहे. आंघोळीला गेलेली बाई आणि तिच्यावर टपलेले दोन म्हातारे. चोरून पाहायचं भोक झाकायला चित्रही तसंच, आणि लगेच पुढे शॉवरचा प्रसंग! १९६० च्या ट्रेलरमध्ये हिचकॉक स्वतःच या तसबिरीला फार महत्त्व आहे म्हणतो आणि कारण न सांगता पुढे सटकतो. लय खट माणूस.