तिहुआनाजवळ शूट आहे, सामान मुंबईहून न्यावं का?

ओशिवऱ्याची एडी:
नमस्कार मंडळी. एका जाहिरातीत वादळात सापडलेली होडी दाखवायचीय. क्लायंटला मेक्सिकोतल्या, तिहुआनाजवळच्या रोसारितोची शूटिंगची पाण्याची टाकीच हवी. इथे पाऊस, म्हणून जूनमध्ये जायचं घाटतंय. युनिट छोटं आहे. कॅमेरा-लाइट इथून न्यायचे की तिकडे भाड्याने घ्यायचे? कोणी गेलंय का?

मढचा_मासा:
जूनमध्ये? बजेट कोणाच्या खिशातून, ते आधी सांगा 😄

लाइनवाला_गोरेगाव:
ताई, मी त्या बाजूला काम केलंय, म्हणून सांगतो.

टाकी पोपोत्लाला आहे, रोसारितोच्या जरा दक्षिणेला. १९९६ मध्ये फॉक्सने ‘टायटॅनिक’साठी बांधली. सुमारे ६.४ कोटी लिटर पाणी मावतं. कडेवरून पाणी सांडतं आणि मागे थेट पॅसिफिक, त्यामुळे टाकी कुठे संपली ते कॅमेऱ्याला कळत नाही. पण एका होडीसाठी एवढा घाट? आधी फ्रेम किती रुंद आहे ते डीओपींना, म्हणजे तुमच्या मुख्य कॅमेरामनना विचारा.

जून तर अजिबात नको. त्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये सकाळी ढगांचा राखाडी थर बसतो, दुपार झाली तरी हलत नाही. तुम्ही पावसातून पळून मळभात जाऊन पडाल. ऊनच हवं असेल तर पूर्वेला ला रुमोरोसाचा घाट चढा, नुसते खडकच खडक. पण पलीकडे मेहिकालीला उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, स्पॉट दादांचे हाल.

लाइट इथून नेऊ नका. तिथली वीज आपल्यापेक्षा वेगळी, १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. कॅमेऱ्याची बॉडी आणि लेन्स अमेरिकेमार्गे न्या, बाकीचं लॉस एंजेलिसहून भाड्याने. सेकंदाला २५ फ्रेमवर कॅमेऱ्याचं शटर १८० अंशांवर ठेवलात तर तिथल्या दिव्यांखाली फ्लिकर, म्हणजे उजेडाची लुकलुक येईल, १५० वर ठेवा. मॉनिटरवर दिसत नाही, एडिटवर दिसतं, आणि मग शिव्या आपल्याला.

नेणार ते कार्नेवर, म्हणजे सामान ड्यूटी न भरता तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणायच्या कागदावर. भारतात तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते, मेक्सिकोत २०११ पासून चालतो. लाइटवर लावायचे रंगीत जेल कागद, टेप, खाण्याचं सामान त्यात घालू नका, संपणाऱ्या वस्तूंना तो लागू नाही. अमेरिकेच्या सीमेवर मालाचा ट्रक ओताय मेसाच्या नाक्यावरून जातो, सान इसिद्रोच्या नाही. आणि अमेरिका सोडताना री-एक्स्पोर्टचा शिक्का मागून घ्या. आमच्या एजंटने तो घेतलाच नाही, नंतर ड्यूटीची नोटीस हमीदारापर्यंत पोचली. सगळ्यांचं कामकाज सोडून महिनाभर कागदच जुळवत बसलो.

ओशिवऱ्याची एडी:
बापरे, शटरचं माहीतच नव्हतं. दादा, व्हिसा?

लाइनवाला_गोरेगाव:
अमेरिकेचा वैध व्हिसा असला की पर्यटकांना मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. शूटसाठी काय चालेल ते मात्र वकिलातीतून लेखी घ्या. अमेरिकेचा मल्टिपल एंट्रीच हवा, नाहीतर मेकअपवाला तिहुआनात अडकेल. पासपोर्टची यादी आजच करा.

ओशिवऱ्याची एडी:
करते. जूनचं निर्मात्यांना कसं सांगू, तेवढं सुचवा.

मढचा_मासा:
उन्हाचे फोटो दाखवू नका, मळभाचे दाखवा.